लोकनकाशा आणि भूकंपोत्तर पुनर्वसन : कन्हान परिसरासाठी एक अभ्यास

दिनांक ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणरायाला निरोप देऊन लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील गावे झोपी गेली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली आणि काही क्षणांत किल्लारी, सास्तूर, मंगरूळ यांसारखी नांदती गावे दगडमातीचे ढिगारे झाली. सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगड व मातीच्या गिलाव्यात रचलेल्या जाडजूड भिंती आणि वर मातीचा भार असलेली धाबी, अशी ती खणांची घरे होती. भिंती कोसळल्या त्या घरात आणि अरुंद बोळांतही. त्यामुळे घर कोठे संपते व रस्ता कोठे सुरू होतो, हे बाहेरून आलेल्या माणसाला कळेनासे झाले. मदतीसाठी धावलेल्या जवानांना, डॉक्टरांना आणि स्वयंसेवकांना प्रथम एकच प्रश्न पडला : शोध कोठे घ्यावयाचा?

त्या प्रश्नाचे उत्तर गावकऱ्यांच्या स्मृतीत होते. येथे अमक्याचा वाडा, त्याच्या मागे आड, आडाच्या डावीकडे चार घरांचा बोळ, हे सांगणारे माणूस वाचलेले असेल तेथे कुदळ नेमकी पडत असे. जेथे ते माणूस स्वतःच ढिगाऱ्याखाली होते, तेथे गावाची माहितीही त्याच्याबरोबर गाडली गेली होती. गावाचे हे ज्ञान संकट येण्यापूर्वीच कागदावर उतरवून ठेवता येईल काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. जगात इतरत्र ते उतरवले गेले आहे, आणि आपल्याकडेही ते अशक्य नाही.

नकाशातील कोरी जागा

महसूल खात्याचा गाव नकाशा अनेकांनी पाहिलेला असतो. त्यावर शेतांच्या हद्दी, गट क्रमांक, ओढे, पाणंद रस्ते व शिवेच्या खुणा काटेकोरपणे दाखविलेल्या असतात. परंतु अनेक गावांच्या नकाशात, जेथे माणसे प्रत्यक्ष राहतात ते गावठाण मात्र एका वेढलेल्या कोऱ्या जागेसारखे दिसते. याचे कारण उघड आहे. हा नकाशा शेतसाऱ्यासाठी तयार झाला आणि गावठाणातील घरांवर शेतसारा नव्हता. घरांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये आढळते. पण ती यादी आहे, नकाशा नव्हे. घराचा क्रमांक व करपात्र मूल्य तिच्यातून कळते, घरापर्यंत जाणारी वाट कळत नाही.

अलीकडच्या काळात ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्याचे कार्य शासनाने हाती घेतले आहे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने या कोऱ्या जागेत प्रथमच रेषा उमटू लागल्या. हे कार्य मोलाचे आहे. तथापि, मिळकतीचा नकाशा मालकी सांगतो. आपत्तीच्या वेळी लागणारी माहिती निराळी असते. कोणत्या गल्लीतून रुग्णवाहिका जाईल, शाळेचे पटांगण किती मोठे आहे, हातपंप चालू आहे की बंद, कोणती वस्ती कोणत्याही कागदावर नाही, हे तेथे राहणाऱ्या माणसांनाच ठाऊक असते.

लोकनकाशा म्हणजे काय?

अनेक सामान्य नागरिकांनी आपापल्या माहितीची भर घालून, परस्परांच्या चुका सुधारत तयार केलेला सामायिक नकाशा, त्यास येथे आपण लोकनकाशा म्हणू. या पद्धतीचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला ‘ओपन स्ट्रीट मॅप’ हा उपक्रम होय. जगाचा नकाशा लोकांनीच काढावा आणि तो कोणालाही मुक्तपणे वापरता यावा, अशी त्यामागील कल्पना आहे.

त्याची कार्यपद्धती शाळकरी मुलालाही समजेल इतकी सोपी आहे. उपग्रहाने किंवा विमानातून घेतलेले छायाचित्र संगणकाच्या पडद्यावर येते. त्यावर पाहून तीन प्रकारच्या आकृती काढावयाच्या असतात. विहीर, हातपंप, विजेचा खांब यांसाठी बिंदू; रस्ता, नाला, रेल्वेमार्ग यांसाठी रेषा; आणि घर, शाळा, तलाव यांसाठी बंद आकृती. प्रत्येक आकृतीला वर्णनाची एक चिठ्ठी जोडली जाते : ही इमारत आहे, ती शाळा आहे, तिचे नाव अमुक आहे. नाव देवनागरीत लिहिण्याचीही सोय आहे.

काम मोठे असल्यास सारा प्रदेश लहान लहान चौकोनांत विभागतात. एक स्वयंसेवक एक चौकोन घेतो व तो पूर्ण करतो. नंतर दुसरा अनुभवी स्वयंसेवक तो तपासतो. छायाचित्रातून आकार कळतो, नाव कळत नाही. यास्तव तिसरा टप्पा गावातच पार पाडावा लागतो. छापील नकाशा किंवा भ्रमणध्वनी हाती घेऊन माणसे गल्लीगल्लीतून फिरतात आणि नावे, उपयोग व अवस्था यांची नोंद करतात. दूरचा माणूस रेषा काढतो आणि जवळचा माणूस तिला अर्थ देतो, अशी ही श्रमविभागणी आहे.

हैती आणि नेपाळ यांचा धडा

१२ जानेवारी २०१० रोजी हैती या कॅरिबियन देशाची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स भूकंपाने उद्ध्वस्त झाली. त्या शहराचा उपयोगी पडेल असा तपशीलवार नकाशा मदत पथकांजवळ नव्हता. उपग्रह छायाचित्रे खुली होताच देशोदेशींच्या शेकडो स्वयंसेवकांनी घरबसल्या रस्ते, इमारती आणि उघड्यावर उभारलेल्या निवाऱ्यांच्या छावण्या नकाशावर आणल्या. काही आठवड्यांतच बचाव व मदतकार्य करणाऱ्या संस्था तोच नकाशा वापरू लागल्या. त्याच वेळी हैतीचे लोक भ्रमणध्वनीवरून मदतीचे संदेश पाठवीत होते, ते त्यांच्या क्रिऑल भाषेत. परदेशी राहणाऱ्या हैतीच्या नागरिकांनी त्यांचे भाषांतर केले आणि संदेशातील जागा नेमकी कोठे आहे, हे शोधून दिले. यंत्र होते, छायाचित्रे होती. तरी अखेरीस गाव ओळखणारा माणूसच लागला.

नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे ९ हजार लोक मरण पावले. परंतु तेथील स्थिती एका बाबतीत हैतीहून भिन्न होती. काठमांडू खोऱ्यातील शाळा, रुग्णालये व रस्ते यांचा लोकनकाशा तयार करण्याचे काम भूकंपापूर्वीच सुरू झाले होते. ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्ज’ या संस्थेतील तरुण मंडळींनी विद्यार्थ्यांना हे काम शिकविले होते. त्यामुळे भूकंपानंतर जगभरातील हजारो स्वयंसेवक मदतीस आले, तेव्हा त्यांना दिशा देणारा जाणता गट जागेवरच हजर होता. कोणत्या गावात तंबू हवेत, कोठे अन्न पोचलेले नाही, यासंबंधीच्या सूचना स्वीकारून व पडताळून नकाशावर मांडण्याची व्यवस्था याच गटाने उभी केली.

हैतीने दाखविले की संकटानंतरही नकाशा तयार होऊ शकतो. नेपाळने दाखविले की तो आधी तयार असेल तर अमूल्य वेळ वाचतो. ढिगाऱ्याखालील माणसासाठी पहिले दोन-तीन दिवसच निर्णायक असतात, हे लक्षात घेता दुसरा धडा अधिक मोलाचा मानावा लागेल.

किल्लारीने दिलेला दुसरा धडा

पुनर्वसन म्हणजे केवळ बचाव नव्हे. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने भूकंप पुनर्वसनाचा फार मोठा कार्यक्रम राबविला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. नव्या घरांचे आकारमान कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फूट असे ठरविण्यात आले. इतर शेकडो गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेण्यात आले. या दुरुस्तीच्या कामी गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कुटुंबांना त्यांचे हक्क समजावून दिले, बांधकामावर लक्ष ठेवले आणि अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत पोचविल्या. भ्रमणध्वनी व संगणक नसतानाच्या काळातील लोकसहभागाचा हा प्रयोग आजच्या लोकनकाशाचा पूर्वज म्हटला पाहिजे.

त्याच अनुभवाची दुसरी बाजूही आहे. स्थलांतरित गावांपैकी अनेक ठिकाणी चौकोनी आखणीच्या रुंद रस्त्यांवर घरे उभी राहिली. परंतु जुन्या गल्लीतील शेजार विखुरला. गावाची जुनी रचना, म्हणजे कोणाचे दार कोणासमोर होते, कोणत्या पारावर कोण बसे, पाणवठ्याची वाट कोणती, हे घर वाटपाच्या कोष्टकात मावणारे नव्हते. ते आधी नकाशावर असते, तर नव्या आखणीत त्याची दखल घेणे सुकर झाले असते. लोकनकाशा बचाव पथकाला ढिगाऱ्यापर्यंत पोचवितो, तसाच तो पुनर्रचना करणाऱ्याला हरवलेल्या गावापर्यंतही पोचवू शकतो.

कन्हानचा विचार कशासाठी?

नागपूर–जबलपूर महामार्गावर, कन्हान नदीच्या तीरावर वसलेले कन्हान हे पारशिवनी तालुक्यातील गजबजलेले गाव. नदीपलीकडे कामठी. येथे रेल्वेचे जंक्शन असून रामटेकचा फाटा येथूनच निघतो. कामठी, इंदर, गोंडेगाव या कोळसा खाणींचा हा परिसर. खाण कामगारांच्या वसाहती, जुनी गावठाणे, कवेलूची घरे, नव्या विटासिमेंटच्या इमारती आणि कोणत्याही आखणीविना वाढलेल्या वस्त्या येथे शेजारी शेजारी आढळतात.

भूकंपाच्या दृष्टीने नागपूर हे देशाच्या २००२ सालच्या भूकंप-प्रवण क्षेत्र नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखविलेले आहे. मग येथे भूकंपाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुन्हा किल्लारीकडे बोट दाखविते. १९९३ पूर्वीच्या नकाशात किल्लारीचा परिसरही सर्वांत कमी धोक्याच्या विभागातच होता. कमी धोका याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. कन्हान नदी सातपुड्यात उगम पावते. त्याच सातपुडा–नर्मदा पट्ट्यात २२ मे १९९७ च्या मध्यरात्रीनंतर जबलपूरजवळ ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचे धक्के नागपूरपर्यंत जाणवले. ४ डिसेंबर २०२४ रोजी तेलंगणातील मुलुगू येथील ५.३ तीव्रतेच्या भूकंपाने विदर्भातही लोक घराबाहेर आले. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत भूकंपाची कंपने वाढतात, ही गोष्टही नदीतीरावरील वस्तीने विसरू नये.

परंतु कन्हानपुढील खरी अडचण वेगळी आहे. शंभर वर्षांत एखादे वेळी येईल अथवा येणारही नाही, अशा संकटासाठी काढलेला नकाशा अद्ययावत कोण ठेवील? कपाटातील नकाशा पाच वर्षांत जुना होतो. या प्रश्नाचे उत्तर कन्हानच्या नदीनेच दिलेले आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील अतिवृष्टीमुळे पेंच प्रकल्पाच्या धरणांतून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडावे लागले आणि पेंच व कन्हान नद्यांना महापूर आला. पारशिवनी, कामठी व मौदा तालुक्यांतील अनेक गावांत पाणी शिरले, रस्ते बंद झाले, हजारो लोकांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. त्या वेळी जे प्रश्न पडले, म्हणजे गावात शिरण्याची दुसरी वाट कोणती, उंचावरील शाळा कोणती, होडी कोठे लावावी, तेच प्रश्न भूकंपातही पडतात. पुरासाठी दर पावसाळ्यापूर्वी तपासला जाणारा नकाशाच भूकंपाच्या दिवशी ताजा असेल. एकाच श्रमात दोन संकटांची तयारी होते, हे कन्हानसारख्या गावासाठी विशेष महत्त्वाचे आहे.

कामाची आखणी

कन्हान परिसरात हे काम पुढील क्रमाने करता येईल.

१. नगरपरिषद, शेजारच्या ग्रामपंचायती, शाळा–महाविद्यालये आणि तहसील कार्यालय यांनी एकत्र बसून प्रदेशाची हद्द ठरवावी व तिचे चौकोन पाडावेत.

२. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी उपग्रह छायाचित्रावरून प्रथम रस्ते, मग इमारती काढाव्यात. छायाचित्र प्रत्यक्ष जागेपासून काही मीटर सरकलेले असू शकते. म्हणून रेल्वे फाटक, पुलाचे टोक अशा पक्क्या खुणांशी ते आधी जुळवून घ्यावे.

३. दोघादोघांच्या तुकड्यांनी छापील नकाशा घेऊन वस्तीत फिरावे. तुकडीत एक विद्यार्थी व एक जाणता रहिवासी असावा. आशा कार्यकर्ती, निवृत्त खाण कामगार, पोस्टमन यांच्याइतके गाव कोणाला ठाऊक असते?

४. प्रत्येक वस्तीची दोन्ही नावे नोंदवावीत : दप्तरातील व बोलण्यातील. संकटात ओरडून सांगितले जाते ते बोलण्यातील नाव.

५. रस्त्याची रुंदी, पुलाची व मोरीची जागा, विहिरी व हातपंप, दवाखाने, मोकळी मैदाने, शाळा, विजेची रोहित्रे आणि भिंतींचा प्रकार (माती, वीट की काँक्रीट) या बाबी प्राधान्याने टिपाव्यात. २०२० च्या पुराचे पाणी कोठवर आले होते, हे घरोघरी विचारून खूण करावी.

६. दुसऱ्या तुकडीने पहिलीचे काम तपासावे. तपासणीविना नकाशा पूर्ण झाला असे समजू नये.

७. नकाशाच्या छापील प्रती नगरपरिषद, पोलीस ठाणे, तहसील कार्यालय व प्रत्येक शाळेत लावाव्यात. भूकंपात वीज व दूरध्वनी प्रथम बंद पडतात. त्या वेळी भिंतीवरचा कागदच उपयोगी पडतो.

या कामासाठी नागपूरसारखे अनुकूल ठिकाण क्वचितच असेल. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरात आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची प्रबोधिनी आणि राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही येथेच आहेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आहे. नकाशा कितीही चांगला असला तरी तो या यंत्रणेच्या हाती नसेल तर व्यर्थ होय. म्हणून प्राधिकरणाचा सहभाग पहिल्या दिवसापासून असावा.

दक्षता आणि मर्यादा

लोकनकाशाच्या उत्साहात काही पथ्ये विसरता कामा नयेत. नकाशा सर्वांना खुला असतो. त्यामुळे त्यावर व्यक्तींची नावे, कुटुंबातील माणसांची संख्या, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची घरे अशी खाजगी माहिती देऊ नये. ती आवश्यक असल्यास स्वतंत्र नोंदवहीत, जबाबदार अधिकाऱ्याकडे असावी. फेब्रुवारी २०२१ मधील केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनी नागरिकांवरील नकाशा काढण्याची बरीचशी बंधने दूर केली. परंतु संरक्षणविषयक जागांबाबतचे निर्बंध कायम आहेत. शेजारीच कामठीची लष्करी छावणी असल्याने याचे भान येथे विशेष ठेवावे लागेल.

आकाशातून केलेल्या हानीच्या अंदाजावर विसंबणेही धोक्याचे आहे. फिलिपिन्समध्ये २०१३ च्या हैयान वादळानंतर स्वयंसेवकांनी छायाचित्रांवरून वर्तविलेली हानी प्रत्यक्ष पाहणीशी ताडून पाहता पुष्कळ ठिकाणी चुकीची ठरली. छप्पर शाबूत दिसते; भिंती गेलेल्या असतात. भरपाई ठरविण्यासाठी जागेवरील पंचनाम्याला पर्याय नाही. नकाशा पंचनाम्याला वाट दाखवितो, त्याची जागा घेत नाही.

सर्वांत मोठे पथ्य न्यायाचे आहे. नकाशावर नसलेली वस्ती मदतीच्या यादीतूनही निसटण्याची भीती असते. पक्का रस्ता, मोठी इमारत, प्रसिद्ध मंदिर हे आपोआप नकाशावर येतात. नदीकाठची झोपडी, वीटभट्टीवरील हंगामी कामगारांची पाले, खाणीच्या कडेची टोली राहून जाते. संकटाचा घाला मात्र तिच्यावरच प्रथम पडतो. म्हणून तुकड्यांनी कामाचा आरंभ गावाच्या मध्यापासून न करता कडेपासून करावा.

समारोप

भूकंप केव्हा होईल, हे आजचे विज्ञान सांगू शकत नाही. तो झाला तर कोठे धावावयाचे, एवढे मात्र आपण आजच ठरवू शकतो. किल्लारीच्या पहाटे वाचलेल्या माणसांनी बोट दाखवून जे सांगितले, ते सांगण्यासाठी उद्या कोणी उरेलच असे नाही. गावातील जाणती माणसे आज आपल्यात आहेत, मुलांच्या हाती साधने आहेत आणि पावसाळा दरवर्षी आठवण करून देण्यास येतोच. कन्हानच्या एखाद्या शाळेने येत्या उन्हाळी सुटीत आपल्या वस्तीचा एक चौकोन जरी पूर्ण केला, तरी गावठाणाच्या कोऱ्या जागेत पहिली रेषा उमटेल. त्या रेषेच्या आधारे कधी काळी एखादे पथक योग्य दारापर्यंत पोचले, तर त्या मुलांचे श्रम कारणी लागले असे म्हणता येईल.